आश्वासनाची किंमत जाहिरातीत का छापत नाहीत?

टीपकागद

गेल्या चार निवडणुकांपासून मी एक सवय लावून घेतली आहे. प्रचार सुरू झाला की वर्तमानपत्रांतल्या पानभर जाहिराती कापून एका फायलीत लावायच्या आणि पुढची निवडणूक आली की ती फाईल काढून वाचायची. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा हसू आले, आणि यंदा वाचताना काहीच वाटले नाही. हे काहीच न वाटणे मला रागापेक्षा अधिक काळजीचे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

आश्वासने मोडली जातात एवढीच माझी तक्रार नाही. ती मोडतात हे आपल्याला कळत्या वयापासून ठाऊक आहे. तक्रार अशी आहे की आर्थिक आश्वासन हा मुळात हिशेबाचा विषय असूनही जाहिरातीत हिशेबाचा मागमूस नसतो. काय मिळणार ते ठसठशीत अक्षरांत असते, नेत्याचा चेहरा त्याहून ठसठशीत असतो; पण त्यासाठी दरवर्षी किती पैसा लागेल, तो करातून येणार की कर्जातून, आणि चालू असलेला कोणता खर्च त्यापायी थांबवला जाणार, यांपैकी एकही गोष्ट तळटिपेतसुद्धा सापडत नाही. सदनिकेच्या जाहिरातीतही निदान कोपऱ्यात तारांकित अटी असतात.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की अशा जाहिरातींतून आणि जाहीरनाम्यांतून साध्या मतदाराला एखाद्या पक्षाच्या आर्थिक धोरणाविषयी भरवशाचे असे काही कळू शकते का, आणि कळत नसेल तर त्याने मत नेमके कशाच्या आधारावर द्यावे. कोणा एका पक्षाची उणीदुणी काढण्यासाठी हा धागा नाही. फायलीत सगळेच आहेत.

सडेतोड

फाईल जपून ठेवा. पक्ष बदलले तरी मजकूर बदलत नसल्यामुळे पुढच्या वेळी तीच त्यांना तयार मसुदा म्हणून विकता येईल.

शब्दगाडा

मी जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याचे काम अनेक वर्षे केले आणि त्यात दोन वेळा प्रचारमोहीमही वाट्याला आली. कोणाची, ते सांगत नाही. सांगितल्याने फारसा फरकही पडणार नाही. तारांकित अटींचा उल्लेख वाचून एक प्रसंग आठवला. पक्षाकडून आलेल्या मूळ टिपणात एका योजनेविषयी 'महसुली उत्पन्नाची स्थिती पाहून टप्प्याटप्प्याने' असे शब्द होते, आणि ते कोणा अभ्यासू माणसाने लिहिले असणार हे उघड दिसत होते. जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्यातले 'टप्प्याटप्प्याने' तेवढे उरले. पानभर जाहिरातीत तेही गेले. फलकावर फक्त आकडा आणि उद्गारचिन्ह राहिले, कारण धावत्या गाडीतून माणूस फलकाकडे दोन-तीन क्षणच पाहतो. खोटे बोलायचे असे कोणी ठरवले नव्हते. प्रत्येक पायरीवर कोणी तरी 'थोडे सुटसुटीत करू या' एवढेच म्हणाले. कात्री चालवणाऱ्यांत मीही होतो.

सदनिकेशी केलेली तुलना मात्र कायद्याच्या दृष्टीने टिकत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या कक्षेत राजकीय जाहिराती येतच नाहीत. ब्रिटनमधल्या जाहिरात नियामक संस्थेनेही १९९९ पासून निवडणुकीच्या जाहिराती आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. अमेरिकेत तर उमेदवाराने विकत घेतलेल्या जाहिरातीतला मजकूर खोटा आहे म्हणून ती नाकारण्याची मुभा प्रक्षेपण केंद्रांना कायद्यानेच नाही. आपल्याकडे २००४ पासून दूरचित्रवाणीवरच्या राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन लागते खरे. पण त्या तपासणीत मजकूर आक्षेपार्ह आहे की नाही हे पाहतात, बेरीज जमते की नाही हे पाहत नाहीत. दंतमंजनाने दात किती पांढरे होतात याचा पुरावा मागता येतो, बेरोजगारी किती कमी होईल याचा मागता येत नाही.

उंबरठा

बेरोजगारीचा विषय निघालाच आहे, तर ब्रिटनमधले १९७८ सालचे भित्तिपत्रक आठवावे लागेल. हुजूर पक्षासाठी साची अँड साची या जाहिरात संस्थेने ते केले होते. बेरोजगारांच्या कार्यालयाबाहेर लागलेली लांबलचक रांग, आणि वर 'लेबर इझन्ट वर्किंग', म्हणजे मजूर पक्षाकडून काही होत नाही आणि मजुरांना काम नाही, असे दोन्ही अर्थ निघणारे तीन शब्द. त्या रांगेत बेरोजगार कोणीच नव्हते. ते पक्षाचेच कार्यकर्ते होते, आणि हवे होते त्याहून खूपच कमी जमल्यामुळे त्यांचीच छायाचित्रे पुन्हापुन्हा जोडून रांग लांबवली होती. त्या वेळी देशात दहा लाखांहून अधिक बेरोजगार होते. १९७९ मध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९८२ मध्ये बेरोजगारांची संख्या तीस लाखांच्या पुढे गेली.

जाहिरातशास्त्राच्या पुस्तकांत हे भित्तिपत्रक आजही यशस्वी प्रचाराचा नमुना म्हणून दाखवले जाते, आणि त्या निकषावर ते यशस्वी होतेच. मला त्यातली खरी मेख वेगळीच वाटते. बेरोजगारी कमी करू, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. बघणाऱ्याने ते स्वतःच्या मनाने भरून घेतले, त्यामुळे पुढे 'शब्द मोडला' असे म्हणायलाही जागा राहिली नाही.

अर्थात

धाग्यातला एकंदर सूर समजतो, पण थोडा वेगळा पुरावा मांडतो. वचनपूर्तीवर राज्यशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात १२ देशांतल्या ५७ निवडणुकांमधली २०,००० हून अधिक आश्वासने तपासली होती, आणि सत्तेवर आलेले पक्ष, विशेषतः एकट्याच्या बळावर सरकार चालवणारे, आपली बरीचशी आश्वासने निदान अंशतः तरी पूर्ण करतात, असे त्यात दिसले. आघाडी सरकारांत हे प्रमाण घटते, कारण तेथे सत्तेबरोबर वचनेही वाटून घ्यावी लागतात. 'सगळे फसवतात' हे मत जितके सार्वत्रिक आहे तितके ते खरे नाही. पूर्ण झालेल्या आश्वासनाची बातमी होत नाही आणि मोडलेल्याची वर्षानुवर्षे होते, हेही त्या मतामागचे एक कारण असावे.

टीपकागद

अर्थात यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आकड्यांशी माझे भांडण नाही, पण अशा मोजणीत प्रत्येक आश्वासन एकच धरले जात असेल तर ते मतदाराच्या अनुभवाशी जुळत नाही. जाहीरनाम्यात दोनशे कलमे असतात आणि जाहिरातीत एकच. मतदार त्या एकावर मत देतो. एकशे नव्वद कलमे पाळली आणि फलकावरचे तेवढे मोडले, तर टक्केवारी उत्तम येईल, विश्वास मात्र शून्यावर येईल.

थोरल्या जॉर्ज बुश यांनी १९८८ च्या पक्ष-अधिवेशनात 'माझे ओठ वाचा, नवे कर नाहीत' असे ठासून सांगितले होते. १९९० मध्ये तुटीपुढे मान तुकवून त्यांनी करवाढीला संमती दिली. ती संमती अर्थशास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाची होती असे अनेकांचे मत आहे, पण १९९२ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी तेच वाक्य त्यांच्याच आवाजात पुन्हा जाहिरातींत लावले आणि ते हरले. त्यांनी इतर किती आश्वासने पाळली हे आज कोणाच्या स्मरणात आहे?

कोरी पाटी

मी पहिल्यांदाच मतदान केले आहे, त्यामुळे अनुभवाने लहान आहे. पण टीपकागद यांच्या फायलीविषयी एक अडचण सांगते. मी पानभर जाहिरात पाहिलेलीच नाही. माझ्यापर्यंत प्रचार आला तो फोनवर. मला शिक्षणकर्जावरच्या व्याजाविषयी सांगितले जात होते, त्याच पक्षाकडून माझ्या वडिलांना निवृत्तिवेतनाविषयी आणि मावशीला गृहकर्जाविषयी. आम्ही तिघांनी एका संध्याकाळी फोन शेजारी शेजारी ठेवले तेव्हा प्रथमच लक्षात आले की तिघांना दिलेली वचने एकाच तिजोरीतून द्यायची आहेत. वर्तमानपत्रातली जाहिरात खोटी असली तरी ती सर्वांना एकच दिसत होती, त्यामुळे तिच्यावर वाद तरी घालता येत होता. ही वेगवेगळी दिसणारी जाहिरात कापून फायलीत कशी लावायची?

सडेतोड

तिघांचे फोन शेजारी ठेवून बेरीज करणे ही देशातली पहिली स्वतंत्र वित्तीय परिषद म्हणावी लागेल. अध्यक्षपद मावशींना द्यावे.

जुना कारकून

मी शासकीय सेवेत लेखा शाखेत होतो, आता निवृत्त आहे. बाहेरून लोकांना आश्वासन एक तर पाळलेले दिसते किंवा मोडलेले. आतून तसे कधीच दिसत नाही. आश्वासन मोडत नाही, ते झिजते. प्रथम ते 'तत्त्वतः मंजूर' होते. मग त्याला निकष लागतात आणि 'सर्वांना' या शब्दाचे 'पात्र लाभार्थ्यांना' होते. मग अर्थसंकल्पात तरतूद होते, तिच्या बातम्या होतात आणि तिच्याही जाहिराती होतात. पण तरतूद म्हणजे खर्च नव्हे. वर्षअखेरीस सुधारित अंदाजात ती रक्कम खाली येते, आणि प्रत्यक्ष खर्चाचा आकडा लेख्यांत येईपर्यंत आणखी एक वर्ष गेलेले असते. तोवर त्या आकड्याकडे पाहणारा पत्रकार दुसऱ्या बातमीवर असतो आणि मतदार दुसऱ्या निवडणुकीत.

या प्रत्येक पायरीवर कागद आहे, सही आहे आणि कारण आहे. म्हणून 'फसवणूक' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही; फसवणुकीत निदान एक फसवणारा सापडतो. शब्दगाडा यांनी सांगितलेली कात्री निवडणुकीपूर्वी अटी कापते आणि आमच्याकडची कात्री निवडणुकीनंतर रक्कम कापते. दोन्हींची धार सारखीच.

आणखी एक. नवे सरकार आले की 'आधीच्यांनी तिजोरी रिकामी करून ठेवली' हे वाक्य हमखास येते. ते पुष्कळदा खरेही असते, पण तिजोरीची स्थिती सांगणारी कागदपत्रे निवडणुकीपूर्वीच छापलेली असतात. न वाचता आश्वासन दिले होते की वाचून, एवढाच प्रश्न उरतो.

अर्थात

रिकाम्या तिजोरीच्या सबबीवर न्यूझीलंडने इलाजच काढला. १९९४ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यापासून तेथील अर्थखात्याला निवडणुकीपूर्वी देशाच्या आर्थिक स्थितीचा आणि अंदाजांचा अहवाल प्रसिद्ध करावाच लागतो, त्यामुळे 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय उरत नाही. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून संसदेचे स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय आहे. ते पक्षांच्या आश्वासनांचा खर्च काढून देते आणि निवडणुकीनंतर प्रमुख पक्षांच्या सर्व आश्वासनांचा एकत्रित ताळेबंद प्रसिद्ध करते.

सर्वांत जुना प्रयोग नेदरलँड्सचा आहे. अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गन यांनी १९४५ मध्ये उभारलेली तेथील नियोजन संस्था १९८६ पासून पक्षांचे जाहीरनामे गणिती प्रतिमानांतून चालवून तूट, रोजगार आणि लोकांची क्रयशक्ती यांवर काय परिणाम होतील ते मतदानापूर्वी सांगत आली आहे. पक्षांना याची सक्ती नाही, तरी बहुतेक मोठे पक्ष वर्षानुवर्षे आपला जाहीरनामा तेथे तपासायला देत आले, कारण न देणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. यावर टीकाही आहे: पक्ष धोरण आखण्याऐवजी त्या प्रतिमानात चांगले गुण पडतील अशी कलमे रचू लागतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी खटल्यात असा निर्णय दिला की जाहीरनाम्यातली आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खालील भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. मात्र निवडणूक आयोगाने यासाठी मार्गदर्शक तत्त्वे करावीत, असेही न्यायालयाने सांगितले. त्यानुसार आश्वासनांमागचे तर्क आणि पैसा उभा करण्याचे मार्ग जाहीरनाम्यात ढोबळपणे दाखवावेत, अशी अपेक्षा आदर्श आचारसंहितेत आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने त्यासाठी एक विहित नमुनाही सुचवला आणि पक्षांची मते मागवली.

सडेतोड

'ढोबळपणे' हा शब्द तेवढा सर्व पक्षांनी काटेकोरपणे पाळला आहे.

उंबरठा

हिशेब तपासणे आवश्यक आहे हे मान्य करूनही, 'वचन पाळले' म्हणजे 'चांगले झाले' असे या धाग्यात गृहीत धरले जात आहे, त्याला माझी हरकत आहे. शेजारी शेजारी ठेवावीत अशी दोन उदाहरणे आहेत.

ग्रीसमध्ये २००९ च्या प्रचारात विरोधी पक्षनेते पापांद्रेऊ यांचे 'पैसे आहेत' हे वाक्य गाजले. ते निवडून आले आणि काही आठवड्यांतच तूट जाहीर आकड्यांपेक्षा कितीतरी मोठी असल्याचे समोर आले. २०१० मध्ये देशाला बाहेरून कर्जाची मदत घ्यावी लागली. त्यांच्या पक्षाला २००९ मध्ये सुमारे ४४ टक्के मते होती, ती जानेवारी २०१५ मध्ये पाच टक्क्यांच्याही खाली आली. हे मोडलेले वचन.

श्रीलंकेत २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गोटाबाया राजपक्ष यांनी करकपातीचे आश्वासन दिले आणि निवडून येताच मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. इतक्या तत्परतेने पाळलेले आर्थिक आश्वासन शोधून सापडणार नाही. महसूल कोसळला, त्यावर महासाथीत पर्यटन थांबले, रासायनिक खतांवरच्या बंदीने शेती अडचणीत आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली. करकपात हे एकमेव कारण नव्हते, पण दरवाजा तेथून उघडला. आता मला सांगावे की ज्या मतदाराने केवळ 'शब्द पाळणारा' पाहून मत दिले, त्याने हिशेब केला होता असे म्हणायचे का?

निमूट

हे सारे वाचून मला माझा निर्णय योग्य वाटतो. मी २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हेच बटण दाबतो.

अर्थात

निमूट, विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीत त्या बटणाला सर्वाधिक मते पडली तरी उरलेल्यांत ज्याला अधिक मते तोच निवडून येतो. आपला निषेध मोजला जातो, पण मोजून बाजूला ठेवला जातो.

निमूट

ठाऊक आहे. जाहीरनाम्यांचेही तसेच होते, म्हणून तर बरोबरी वाटते.

शब्दगाडा

उंबरठा यांच्या मुद्द्यावरून २००४ आठवले. 'इंडिया शायनिंग' ही सरकारी मोहीम खोट्या आकड्यांवर उभी नव्हती. २००३-०४ मध्ये विकासदर खरोखरच चांगला होता. तरीही सत्ताधारी आघाडी हरली, आणि समोरून 'आम आदमी को क्या मिला' एवढाच प्रश्न विचारला गेला. आम्हा व्यवसायातल्या लोकांसाठी तो मोठा धडा होता, पण आम्ही तो भलताच शिकलो. सरासरी आकडा घरातल्या अनुभवाला खोटे पाडू शकत नाही, हा खरा धडा. आम्ही शिकलो ते असे की आकडेच नकोत. त्यानंतरच्या मोहिमांत चेहरे वाढले आणि तक्ते गेले.

कोरी पाटी

म्हणजे पूर्वी जाहिरातीत तक्ते असत? मला हे खरेच माहीत नव्हते.

टीपकागद

असत. माझ्या फायलीतल्या सर्वांत जुन्या दोन जाहिरातींत आहेत. बारीक अक्षरांत, अपुरे, सोयीच्या वर्षापासून सुरू होणारे. पण चूक दाखवता येईल असे काही तरी त्यांत होते.

मूळ प्रश्नाकडे परत येतो. या आठवड्यात मी एक उद्योग केला. फायलीतली एक जुनी जाहिरात घेतली, तिच्यातले एकच आश्वासन निवडले आणि जुना कारकून यांनी सांगितलेल्या पायऱ्या धरून अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत त्याचा माग काढला. पुस्तके संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. माझे तीन दिवस गेले ते लेखाशीर्ष, म्हणजे योजनेचा खर्च ज्या नोंदीखाली दाखवतात ती, शोधण्यात. पहिल्या वर्षी भरघोस तरतूद होती. त्याच वर्षीच्या सुधारित अंदाजात ती निम्म्याहून कमी झाली. दुसऱ्या वर्षी आणखी घटली. तिसऱ्या वर्षी योजना गुंडाळली असेल असे समजून पान उलटले, तर लेखाशीर्ष तसेच होते आणि त्यापुढे एक अगदी लहानसा आकडा होता. आकडे हजारांत दिलेले असल्यामुळे रकान्यात फक्त '१' दिसत होता. हा छपाईचा दोष आहे का, असे जुना कारकून यांना विचारायचे आहे.

माझ्याविषयीही एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या निवडणुकीत मी याच आश्वासनावर मत दिले होते, आणि योजना कधी आटली हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. जाहिरात मी जपून ठेवली, अर्थसंकल्प कधी उघडला नाही.

जुना कारकून

छपाईचा दोष नाही. त्याला लाक्षणिक तरतूद म्हणतात. योजना बंद केली असे जाहीर करायचे नसते आणि पैसेही द्यायचे नसतात, तेव्हा लेखाशीर्ष जिवंत राहावे म्हणून त्यापुढे एक हजार रुपये ठेवतात.